अ‍ॅप्लिकेशन्सची यादी एक्सेलमधून टूलमध्ये नेली, त्याचा माझा अनुभव

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ (मायक्रोसॉफ्टची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपणार होता, तेव्हा साहेबांनी साधा प्रश्न विचारला की आपली कुठकुठली अ‍ॅप्लिकेशन्स त्यावर आहेत, आणि कोणालाच सांगता येईना. प्रत्येक टीमची एक्सेल वेगळी. मी तीन शीट जोडल्या तर एकच पेरोल सिस्टीम तीनदा निघाली, एकदा 'पेरोल', एकदा व्हेंडरच्या नावाने आणि एकदा नुसतं सर्व्हरचं नाव!

मग अशी यादी एका जागी सांभाळणारी टूल बघायला घेतली. लीनआयएक्स, सर्व्हिसनाऊ, प्लॅनव्ह्यू... डेमोत सगळीच गोड दिसतात. शेवटी आमची सर्व्हरची यादी जिथे आधीच होती तेच घेतलं, निदान तेवढं तरी परत भरायला नको.

खरा ताप पुढे. गार्टनर या आयटी सल्लागार कंपनीचं टाइम मॉडेल वापरलं, म्हणजे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन धंद्याला किती उपयोगी आणि तांत्रिकदृष्ट्या किती धड आहे यावर मार्क द्यायचे आणि टॉलरेट (आहे तसं चालू द्या), इन्व्हेस्ट (पैसे घाला), मायग्रेट (दुसरीकडे हलवा), एलिमिनेट (काढून टाका) यापैकी एका खान्यात टाकायचं. ज्याच्याकडे ते सांभाळायची जबाबदारी, त्या ओनरलाच मार्क द्यायला सांगितले, तर जवळजवळ सगळीच इन्व्हेस्टमध्ये जाऊन बसली, आपलं बाळ कोणाला नकटं वाटतं? परत सगळं केलं, उपयोगाचे मार्क वापरणाऱ्यांकडून आणि तांत्रिक मार्क इन्फ्रावाल्यांकडून, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून.

एक रिपोर्टिंगचं अ‍ॅप्लिकेशन होतं, आठ महिन्यांत एकही लॉगिन नाही, म्हटलं हे बंदच करू. दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट्सचा फोन, रोजची पीडीएफ आली नाही म्हणून. ते रात्री आपोआप मेल पाठवायचं, लॉगिन करायची गरजच कोणाला नव्हती. तेव्हापासून 'याचा डेटा कुठे जातो' हे भरल्याशिवाय मी कशालाच एलिमिनेट लावत नाही.

पण डोळे उघडले ते प्रोजेक्टची यादी आमच्या या यादीला जोडल्यावर. जे अ‍ॅप्लिकेशन आम्ही काढायचं ठरवलं होतं त्याच्याच अपग्रेडचा प्रोजेक्ट जोरात चालू! प्रोजेक्टवाल्यांचं टूल वेगळं, आमचं वेगळं, त्यांच्याकडे सगळं हिरवं दिसत होतं आणि ते हिरवं खरंही होतं, काम वेळेवर चाललं होतं ना. मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर वैतागून म्हणाला, "हे मला आधी कोण सांगणार होतं?" यावर मी काय बोलणार.

आता नवीन प्रोजेक्टच्या फॉर्ममध्ये अ‍ॅप्लिकेशन निवडणं कंपल्सरी केलंय. पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांनी 'इतर' निवडलं, मग तो ऑप्शनच काढून टाकला.