कार्बनडेलचं खग्रास सूर्यग्रहण : ८ एप्रिल २०२४

शिकागोत घरबसल्या ९४ टक्के सूर्य झाकलेला दिसणार होता. मग सहा टक्क्यांसाठी कार्बनडेलपर्यंत एवढं ड्रायव्हिंग कशाला, असं ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं. पण ९४ टक्के म्हणजे उन्हाचा जोर जरा कमी होतो, एवढंच. दिवसा तारे दिसणं, प्रभाकिरीट (सूर्याभोवतीचं एरवी न दिसणारं तेजोवलय), हिऱ्याची अंगठी (सूर्य पूर्ण झाकला जाताना कडेला चमकणारा शेवटचा ठिपका) हे सगळं त्या उरलेल्या सहा टक्क्यांतच असतं. तेव्हा पहिला सल्ला हाच: खग्रास पट्ट्याच्या (जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या भागाच्या) आत जा, आणि जमलं तर मध्यरेषेजवळ. कडेला खग्रास जेमतेम काही सेकंद टिकतं. कार्बनडेलला चार मिनिटं मिळाली.

इलिनॉयच्या दक्षिण टोकाचं हे विद्यापीठाचं गाव २०१७ च्याही पट्ट्यात होतं, त्यामुळे गावाला गर्दीचा सराव होता. हॉटेलं मात्र महिनोन् महिने आधीच भरलेली. आमचं बुकिंग ऐन वेळी रद्द झालं आणि तीच खोली तिप्पट भावात पुन्हा दिसू लागली. शेवटी पट्ट्याबाहेर दीड तासावर मुक्काम केला आणि पहाटे निघालो. मला तर हेच जास्त सोयीचं वाटलं, कारण ढग आले तर दिशा बदलता येते. एप्रिलमध्ये टेक्सासचं आकाश जास्त भरवशाचं, असं सगळे सांगत होते. प्रत्यक्षात तिथं बऱ्याच भागात ढग आणि आमच्याकडे नुसती पातळ पांढरी झालर. सरासरी हवामानावर विमानाची तिकिटं काढा, पण आदल्या रात्रीचा उपग्रह नकाशा बघूनच जागा पक्की करा.

पाऊण वाजता चंद्राचा पहिला चावा दिसला. पुढचा तासभर तसा कंटाळवाणाच, त्यात डबे उघडले. सोमवती अमावस्या, वर ग्रहण, आणि आम्ही दशम्या खातोय! व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी पाडवा असल्यामुळे श्रीखंडाला मात्र हात लावू दिला नाही.

दोनला मिनिटभर असताना उजेड एकदम विचित्र झाला: सावल्या धारदार, रंग विटलेले, हवेत गारवा. मग अंगठी चमकली आणि सूर्याच्या जागी काळं भोक. शेजारी शुक्र, दुसऱ्या बाजूला गुरू. सूर्य ऐन सक्रिय काळात असल्याने किरीट चहूबाजूंनी फाकलेला होता, आणि खालच्या कडेची गुलाबी सौरज्वाला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती.

ग्रहण बघायचा चष्मा आयएसओ १२३१२-२ (सूर्य थेट बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित हवा. खग्रास लागलं की तो काढायचा (न काढणारेही पाहिले!), आणि उजेडाचा पहिला ठिपका परतताच पुन्हा लावायचा. साधी दुर्बीण फक्त त्या मधल्या मिनिटांत वापरा. फोटो इतरांचे चांगले येतात, तेच बघावेत.

परतीची घाई करू नका. खग्रास संपताच सगळे एकदम निघाले आणि शिकागोकडे जाणारा इंटरस्टेट ५७ महामार्ग मध्यरात्रीपर्यंत तुंबलेला होता. संध्याकाळचं जेवण तिथंच उरका, पेट्रोल आधीच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. गर्दीत नेटवर्क टिकत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी २ ऑगस्ट २०२७ धरून ठेवावा: इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आणि वाळवंटात ढगांची धास्ती जवळपास नाहीच. ऊन मात्र चाळिशीपार असेल. ग्रहण भरदुपारी आहे, त्यामुळे सावलीची जागा आधी शोधा, मग हॉटेल.