२.७ लिटरचं इंजिन आणि तीन टनांचा ट्रेलर

अमेरिकन पिकअपच्या एवढ्या धुडाला, तेही मागे ट्रेलर जोडून, २.७ लिटरचं इंजिन पुरतं का, असं भारतातून हमखास विचारलं जातं. सीसीवरून ताकद जोखायची आपली सवय जुनी आहे. अमेरिकेतही कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढायचा तर व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिनच घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

२०२१ च्या फोर्ड एफ-१५० या पिकअपचे आकडे पाहा. ५ लिटरच्या व्ही-८ चा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ४१० पौंड-फूट, पण तो इंजिन मिनिटाला ४,२५० फेरे (आरपीएम) घेत असताना. दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंखे) असलेल्या २.७ लिटर व्ही-६ चा ४०० आणि तो ३,००० लाच हाती येतो. ओझं घेऊन चढताना हाच खालचा टॉर्क उपयोगी पडतो. उंचावर तर फरक आणखी जाणवतो. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

इंजिन पुरतं, आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायचा भार. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. जाहिरातीतला टोइंगचा (ट्रेलर ओढण्याचा) आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत सोयीच्या जुळणीचा असतो, स्टिकरवरचा तुमच्या गाडीचा.

समजा, स्टिकरवर १,५०० पौंड आहेत आणि भरलेला कॅम्पर ६,५०० पौंडांचा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर यायला हवा, आणि तो पेलोडमध्येच मोजला जातो. १३ टक्के धरले तर ८४५. वजन वाटून देणाऱ्या हिचचे सुमारे १००. उरले ५५५. आई-वडील आणि दोन मुलं ५०० वर जातात. पिकअपच्या हौद्यात जनरेटर आणि बर्फाची पेटी ठेवली की मर्यादा ओलांडली. इंजिनात दम असतो, पण मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते.

यावर उपाय म्हणून ट्रेलरमधलं सामान मागे सरकवू नका. हिचवरचा भार कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. निम्म्याहून अधिक, साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यातच हवं. हेलकावे सुरू झालेच, तर स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरवरून (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं ड्रायव्हरजवळचं उपकरण) फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. घाबरून पिकअपचा ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून ढकलतो.

दुसरी अडचण उष्णतेची. फोर्ड मॅव्हरिक या लहान पिकअपचं २ लिटरचं टर्बो इंजिन एरवी २,००० पौंड ओढतं, कारखान्यातून टोइंग पॅकेज घेतलं की ४,०००. इंजिन तेच. फरक मोठ्या रेडिएटरचा, पंख्याचा, गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरचा आणि अ‍ॅक्सलच्या रेशोचा. बाहेरून नुसती हिच बसवून ही क्षमता वाढत नाही, त्यामुळे जुनी गाडी घेताना पॅकेज आहे का, ते आधी विचारा.

उतारावर मात्र लहान इंजिन कमी पडतं, कारण त्याचं इंजिन ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच गाडी रोखणं, कमी. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर त्यानुसार बदलणारी सोय) लावा, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ जोरात लावून सोडा.

इंधनात बचत होईल ही आशा सोडा: ओझ्याखाली टर्बो भरपूर पेट्रोल पितो. जड ट्रेलर असेल त्या दिवशी प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. ८७ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी टायमिंग मागे घेतं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतं, आणि नेमक्या चढावर ताकद घटते.