कुणी काही विचारत नाही

काल रात्री कॅथचा, आमच्यासारख्याच स्पेनमधनं ब्रिटनला परत आलेल्या मैत्रिणीचा, फोन येऊन गेला आणि तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. रडत वगैरे नव्हती ती, नेहमीसारखीच भरभर बोलत होती. पेन्शन क्रेडिटचा अर्ज केलाय, तर मुलाखतीला बोलावलं होतं म्हणाली. हॅबिच्युअल रेसिडन्सची टेस्ट. स्टेट पेन्शन कशी, तुम्ही भरलेल्या वर्षांवर मिळते, ती त्यावर अडत नाही, पण उत्पन्न कमी पडतंय म्हणून वरचे पैसे मागायला गेलात की तुम्ही खरंच इथे राहायला आला आहात हे दाखवावं लागतं, मग जन्म इथला असो नाहीतर पासपोर्ट इथला असो. तर त्या माणसाने विचारलं, स्पेनमध्ये तुमचं अजून काय काय आहे? आणि कॅथ सांगायला लागली. शेजारची पाकिता, नवऱ्याच्या, लेनच्या, शेवटच्या दिवसांत रोज दुपारी सूप घेऊन यायची ती, आणि चौकातला बेकरीवाला, आणि लेनला जिथे ठेवलंय ती दफनभूमीच्या भिंतीतली जागा. तो म्हणाला, नाही, तसं नाही, घर, बँकेचं खातं, असं काही. कॅथ मला म्हणाली, आल्यापासनं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं गं, आणि त्याला खातं बंद केल्याची तारीख हवी होती.

मी हो ना म्हटलं, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ओट्यापाशी नुसती उभी राहिले.

कारण खरंच कुणी विचारत नाही. आम्ही परत आल्याला आता बराच काळ झाला, 2023 च्या ऑक्टोबरात आलो, पण इतक्या दिवसांत एका माणसाने, एकाही माणसाने, तिथे तुम्ही दिवसभर काय करायचात असं विचारलेलं नाहीये. हवा छान असेल ना तिकडे, एवढं म्हणतात. हो म्हटलं की संपलं. मग इथल्या पार्किंगबद्दल बोलायचं, ते आता सगळं फोनवरच्या ॲपमधनं करावं लागतं म्हणून.

गेल्या रविवारी नणंदेकडे, जोनकडे, जेवायला गेलो होतो. पीटर, माझा नवरा, आपला खिडकीतनं बाहेर बघत म्हणाला, हालोनला आत्ता बदाम फुलले असतील. बस, एवढंच म्हणाला. ज्यांनी ते बघितलंय त्यांना कळेल, फेब्रुवारीत स्पेनमधली ती सगळी दरी पांढरी-गुलाबी होते, मागे बेर्नियाचा करडा डोंगर, आणि आम्ही सकाळी थर्मास घेऊन निघायचो ते दुपारच्या जेवणाला गावात परत. तो पुढे काही सांगणार होता. जोन म्हणाली, ग्रेव्ही पुरे आहे ना तुला? आणि ग्रेव्हीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ग्रेव्ही घेतली. बटाट्यांवर ओतली, बाजूच्या वाटाण्यांवर ओतली, भांडं परत नीट ठेवलं आणि मग बदामांचं नाव काढलं नाही. मला इतकं लागलं ना ते. त्याला लागलं की नाही माहीत नाही, गाडीत काही बोलला नाही. गाडी आता मीच चालवते.

मला प्रश्न असा पडलाय की मला एवढं का लागावं. माझ्या बदामांबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून तर नाही. मला सवय आहे त्याची. 1973 साली मी आले तेव्हा मिरजेबद्दल मला कोण विचारत होतं? इंडियातली आहेस, इंग्रजी छान बोलतेस, झालं. वॉर्डातल्या सिस्टर चांगल्या होत्या, मला शिलिंगचा हिशेब सांगायच्या, नवीन नाणी येऊन दोन वर्षं झाली होती तरी पेशंट सगळे शिलिंगमध्येच बोलायचे. काय घालायचं, बसमध्ये काय म्हणायचं, सगळं सांगायच्या. मला काही माहीत नसणं हे सगळ्यांना मान्य होतं. अजूनही आहे, इतक्या वर्षांनी दुकानातली मुलगी माझ्याशी सावकाश बोलते, ते एक वेगळंच, त्यावर आज नाही लिहीत.

पण पीटरला तशी सूटच नाहीये. तो तोंड उघडतो आणि ह्याच गावाचा, चेस्टरफील्डचा, आवाज बाहेर पडतो, ए अप मी डक, हा इथला नमस्कार, की समोरच्याला वाटतं ह्याला सगळं ठाऊक आहे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने पाकिटातनं दोन वीस पाउंडाच्या नोटा काढल्या, कागदी. तिकडे ड्रॉवरमध्ये एका लिफाफ्यात जपून ठेवल्या होत्या, परत गेल्यावर लागतील म्हणून. त्या 30 सप्टेंबर 2022 नंतर चालत नाहीत. गल्ल्यावरच्या पोराने नोट हातात घेतली, उलटी केली, मागच्याला दाखवली आणि विचारलं, ही कुठली आहे? पीटर म्हणाला, इथलीच. मी मागे उभी होते. मला वाटलं पुढे होऊन सांगावं, अरे हा माणूस इथलाच आहे, ते वाकड्या कळसाचं चर्च आहे ना तिथे ह्याचा बाप्तिस्मा झालाय, ह्याचे वडील इथल्या खाणीत होते. पण काय सांगणार, रांग होती. कार्डाने पैसे दिले आणि बाहेर आलो.

तो त्या रस्त्यावर उभा राहून अजूनही म्हणतो, इथे वुलवर्थ होतं. आम्ही 2007 ला गेलो आणि ते दुकान 2009 च्या जानेवारीत कायमचं बंद झालं, म्हणजे आमच्या डोक्यात ते बंद झालंच नव्हतं. बँकेची शाखा पण गेली. मोबाइलचं महिन्याचं कनेक्शन घ्यायला गेलो तर क्रेडिट हिस्टरी नाही. आयुष्यभर एक हप्ता चुकवला नाही त्या माणसाने आणि हिस्टरी नाही.

हिस्टरी नाही, ह्यावरच मी परत परत येतेय. जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव घालायला गेलो तेव्हा त्या फॉर्मवर एक रकाना होता, आधी यूकेत राहत असाल तर देश सोडल्याची तारीख. पीटरने लिहिली. खाली पत्ता. मधल्या वर्षांना जागाच नाही कुठे. मी नर्स होते, मला कळतं की जीपीला त्याची गरज नसते, पण मग कुणाला असते?

आमच्याकडे मुलगी माहेरी आली की निदान विचारतात तरी, सासरी कसं आहे, सासू बोलते का, काय खाल्लंस. खोटं खोटं का होईना विचारतात. ह्याला त्याच्या माहेरी कुणी विचारत नाही, आणि हे मी त्याला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर तो म्हणेल, लोकांना त्यांचं आयुष्य आहे. बरोबरच आहे त्याचं.

लोक म्हणतात तुम्ही ब्रेक्झिटमुळे आलात ना. तसं सरळ नव्हतं ते. पाउंड पडला हे खरं, आम्ही गेलो तेव्हा दीड युरोच्या आसपास मिळायचे, सार्वमतानंतर सव्वाच्या खाली आले, आणि आमचं सगळं पेन्शन पाउंडातलं. पण त्यात भागवलं आम्ही. दवाखान्याचंही एस-वन फॉर्मवर, म्हणजे ब्रिटनच्या खर्चाने, नीट चालू होतं. घोडं अडलं ते लायसनवर. 1 मे 2022 पासून तिथे राहणाऱ्यांना ब्रिटिश लायसनवर गाडी चालवता येईना, दोन सरकारांचं ठरेना, ते ठरलं पुढच्या वर्षी मार्चमध्ये. तेवढ्या काळात आम्हाला कळलं की गाडी नसली तर डोंगरावरचं ते घर काय असतं. पावाला सुद्धा कुणाच्या तरी उपकारावर जायचं. कॅथने आणि लेनने आम्हाला आठवड्याला बाजारात नेलं, लेन तेव्हा होता. आणि मग पीटरच्या डोळ्यांचं कळलं, आणि मग दुसरा विचारच उरला नाही. मिरजेचा विचार माझ्या मनात आला होता, नाही असं नाही. पण तिथे राहायला गेलो असतो तर स्टेट पेन्शन त्या आकड्यावर गोठली असती, स्पेनमध्ये दरवर्षी वाढते, भारतात वाढत नाही. आणि भावाच्या फ्लॅटमध्ये... जाऊ दे.

व्हॅलेन्सियाला पूर आला तेव्हाचं आठवतंय, 29 ऑक्टोबर 2024. पीटर रात्रभर टीव्हीसमोर. पायपोर्ताच्या गल्ल्यांतल्या एकावर एक चढलेल्या गाड्या, चिखल, 200 हून जास्त माणसं गेली. आमचं गाव तिथून चांगलं शंभरेक किलोमीटर खाली, तिथे काही झालं नाही, पण हे इथे कुणाला माहीत होतं? कुणाचाही फोन आला नाही, तुमची ओळखीची माणसं बरी आहेत ना म्हणून. पाकितानेच उलट आम्हाला केला, तुम्ही घाबरला असाल म्हणून.

पीटरच्या पाकिटात बसच्या पासमागे त्याचं स्पेनचं कार्ड अजून आहे, ते टीआयई. कायमच्या वास्तव्याचं. सलग पाच वर्षं बाहेर राहिलं की तो हक्क जातो, म्हणजे 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत आहे. इतके दिवस मला वाटायचं, परत जायचं म्हणून जपतोय, आणि मी विचारायला भीत होते. आज सकाळी विचारलं शेवटी. तो म्हणाला, नाही गं, परत कुठे जातोय आता. राहू दे. मग थोड्या वेळाने म्हणाला, त्याच्यावर आपला पत्ता आहे.

दुपारभर मी हेच घेऊन बसले होते, म्हणजे अगदी कीव करत बसले होते, त्याची आणि माझी पण. आणि मग कपडे वाळत घालताना एकदम जोनचा चेहरा आठवला, ग्रेव्ही देतानाचा. चिडलेला नव्हता तो. थकलेला होता. मी तिला रागाने आठवत होते म्हणून मला दिसलं नव्हतं ते. आम्ही बदामाखाली थर्मासमधला चहा पीत होतो ते फेब्रुवारी जोनने कुठे काढले? आईच्या घरी. बर्फात गाडी काढून सकाळी एकदा, कामावरनं सुटल्यावर एकदा, आईची औषधं, आईचे मोजे, शेवटी शेवटी आई तिला ओळखेना तेही. पीटर येऊन जाऊन होता. त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. तिला कुणी विचारलं असेल, की ती वर्षं कशी गेली तुझी? नवरा नाही, मुलगा ऑस्ट्रेलियात. हालोनचं नाव निघालं की तिच्या डोळ्यांसमोर फुलं येतच नसणार, तिच्यापुढे ते मोजे येत असणार. आणि तरी ती आम्हाला महिन्यातनं एकदा जेवायला बोलावते, पीटरला आवडतात म्हणून पार्सनिप वेगळे भाजते.

हे सुचल्यावर मला जरा शांत वाटलं. राग गेला असं नाही, पण त्याची धार गेली.

आणि एक आठवलं. मिरजेबद्दल मला कुणी विचारलं नाही असं मी वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. एकाने विचारलं होतं. वडिलांना बघायला वॉर्डात यायचा, छातीचे पेशंट होते ते, खाणीतल्या धुळीने गेलेली छाती. एका संध्याकाळी मला म्हणाला, तुमच्या गावी आत्ता काय वाजले असतील? मग दुसऱ्या दिवशी, तुमच्या घराच्या खिडकीतनं काय दिसतं? मी त्याला सतारमेकर गल्ली सांगितली, वाळत घातलेले ते मोठाले भोपळे, त्यांच्या सतारी होतात हे त्याला खरंच वाटेना. तो दुसऱ्या दिवशी परत विचारायला आला, भोपळ्यांबद्दलच. त्या प्रश्नांवर मी इथे आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. तर ज्याला विचारता येतं त्याला कुणी विचारत नाही ह्याचं मला वाईट वाटतंय, ते हे आहे. मी तर सगळं बघितलंय त्याच्याबरोबर, पण म्हणून मी विचारू नये असं थोडंच आहे.

आज जेवताना विचारलं. पाकिताच्या अंगणातलं ते झाड कसलं होतं रे, लिंबाचं की कडू संत्र्याचं? मला माहीत होतं. तो तासभर बोलला.

आत्ता जोनलाही फोन केला, पुढच्या महिन्यात आमच्याकडे ये म्हटलं. आधी तिच्याकडनं आईच्या शेवटच्या वर्षांचं ऐकायचं ठरवलंय मी, तिला सांगावंसं वाटलं तर, आणि घाई करणार नाही. जेवायला आरोस अल ओर्नो करणार, ओव्हनमधला भात. मातीचं पसरट भांडं येताना टॉवेलात गुंडाळून आणलंय, ते अजून काढलेलंच नाही. तांदूळ, काबुली चणे, बटाट्याच्या चकत्या, टोमॅटो, बरगडीचे तुकडे आणि मधोमध सोलून न घेतलेला लसणाचा अख्खा गड्डा, तो तसाच भाजायचा. मोर्सिया, म्हणजे तिकडचं रक्ताचं सॉसेज, इथे मिळत नाही, त्याच्याजागी बाजारातलं ब्लॅक पुडिंग घालीन. पीटर म्हणतो चव बदलेल. बदलेल, पण जोनला ब्लॅक पुडिंग आवडतं.