काळ्या मातीच्या वावरासाठी युरोपातला घडीचा चाकू

जर्मनीत राहणारा खानदेशी माणूस सुट्टीला गावी निघाला की फोनवर एक मागणी हमखास येते: “भो, एक मजबूत चाकू लई येजो.” मजबूत म्हणताना डोळ्यांसमोर असतो तो जाड, काळ्या पात्याचा, सैनिकी दिसणारा चाकू. इथल्या दुकानांच्या काचेत तसे भरपूर मांडलेले असतात. पण रावेर-यावलची केळी किंवा शिरपूरची कपाशी पाहणाऱ्या माणसाच्या खिशात तो फार दिवस नीट चालत नाही. आपली कामं म्हणजे ठिबकची 16 मिमीची नळी कापणं, खताच्या गोणीची शिवण उसवणं, सुतळी तोडणं आणि दुपारी भाकरीसोबत कांदा चिरणं. चाकू बिघडवतात त्या तीन गोष्टी: काळ्या मातीची बारीक धूळ, केळीचा चीक आणि पावसाळ्यातली ओल. निवड या तिघांना धरून करायची.

आधी कायदा, कारण इथल्या दुकानात काय मिळतं ते बरंचसं त्यावर ठरतं. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. हा नियम 2008 पासून आहे. 2024 मध्ये बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवरची बंदी कडक झाली आणि जत्रा-उत्सवांत चाकू नेण्यालाही मनाई झाली. ब्रिटनमध्ये विनाकारण खिशात ठेवता येतो तो फक्त लॉक नसलेला आणि 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू. म्हणून युरोपात दोन्ही हातांनी, नखाच्या खाचेतून उघडायचे चाकू अजून उत्तम दर्जाचे बनतात. आपल्याकडे शस्त्र नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली बंदी आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू वावरातल्या खोलीतच राहू द्या. बटणाचा, खटक्याने झटकन उघडणारा चाकू तर मागवूच नका. शेतीचं एकही काम त्याने जास्त चांगलं होत नाही आणि चौकीवर बसायची वेळ येते ती वेगळीच.

आता लॉक. बोटं वाचतात ती इथे, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला अडते. नव्या चाकूत ती पट्टी बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत यायला हवी. कडेलाच टेकत असेल तर निसटू शकते. पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर लॉक झिजलेलं आहे. पट्टी आणि पात्याचं बूड यांच्या मध्ये मातीचा खडा आला की पट्टी पूर्ण बसत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला चाकू लॉक झाल्यासारखाच वाटतो. पाठीकडच्या दांडीचं बॅक लॉक जास्त भक्कम, पण दांडीचा दात ज्या खाचेत बसतो ती खाच काळ्या मातीने भरते. ओली माती सुकून तिथे घट्ट बसली की दात अर्धाच उतरतो. आठवड्यातून एकदा बाभळीच्या काट्याने किंवा टूथपिकने ती खाच कोरून काढा.

फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या ओपिनेल या कंपनीच्या चाकूचं लॉक या बाबतीत फार शहाणं आहे. 1890 पासून बनणाऱ्या या चाकूला 1955 मध्ये फिरणारं पोलादी कडं जोडलं गेलं. कडं फिरवलं की पात्याची वाट बंद. त्यात ना स्प्रिंग, ना लपलेली खाच. धूळ गेलीच तर दिसते आणि फुंकरीने निघते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या बहुतेक छोट्या चाकूंना लॉक नसतंच, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं. कापण्यासाठी ते पुरतं. टोक खुपसून जोर लावायचा असेल, तर मात्र पातं बोटांवर मिटण्याचा धोका राहतो. अशा कामाला त्याच चाकूतली आर वापरा, गोणीला भोक पाडायला तीच बरी.

कोणताही लॉकचा चाकू हातात आला की बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून त्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबा. लॉक सुटलं तर चाकू परत करा. मग पातं आडवं हलवून पाहा. किंचित खेळ स्क्रू आवळून जातो, पण वर-खाली हलणं लॉकचा दोष असतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

आजकाल ‘बेअरिंगवर फिरतो’ हे मोठं कौतुक म्हणून सांगतात. आपल्या धुळीत तो तोटा आहे, कारण बारीक छऱ्यांमध्ये माती गेली की पातं करकरत फिरतं. साधे पितळी किंवा नायलॉनचे वॉशर असलेला चाकू घ्या.

पोलादाबद्दल गावाकडे एक समज पक्का आहे, जितकं कडक तितकं भारी. एस30व्ही सारख्या पोलादात सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम हा धातू असतो. कार्बनशी जुळून बनलेले त्याचे कण आपल्या बाजारातल्या साध्या धारेच्या दगडापेक्षाही कठीण, त्यामुळे धार गेली की हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. डी2 पोलाद धार बरीच टिकवतं, पण पूर्ण स्टेनलेस नाही. घाम आणि पावसाळी ओल यांनी त्यावर ठिपके उठतात. ओपिनेलच्या साध्या कार्बन पात्याला सुंदर धार येते, पण केळीच्या चिकाने आणि लिंबाने ते काळं पडतं. गावी नेण्यासाठी माझं स्पष्ट मत स्टेनलेसच्या बाजूने आहे: ओपिनेलचं 12सी27 किंवा व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद. दोन्ही जरा मऊ, म्हणून धार लवकर उतरते. पण ठिबकची नळी कापताना रेतीवर घासून बोथट झालेली धार घरच्या दगडावर दहा मिनिटांत परत आणता येते.

पातं 7 ते 9 सेमी पुरेसं. जाडी मात्र नीट पाहा. 4 मिमी जाडीचं पातं कांदा कापत नाही, फोडतं. ओपिनेल 8 नंबरचं पातं 8.5 सेमी लांब आणि 2 मिमीहूनही पातळ आहे, म्हणून ते सरसर उतरतं. त्याने डबा उचकटायला गेलात तर टोक मोडेल, तो त्याचा दोष नव्हे. त्याची बीचच्या लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं आत घट्ट अडकतं, म्हणून पाण्यात भिजू देऊ नका. वावरात रोज राबणार असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियम मुठीचा 93 मिमी ‘फार्मर’ घ्या, त्यात पातं, करवत आणि आर तिन्ही आहेत. फक्त वैशाखात उन्हात ठेवलात तर मूठ चटका देते. घरच्या चिराचिरीला आणि प्रवासाला ओपिनेल.

आणताना चाकू चेक-इन बॅगेतच ठेवा. हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

चीक सुकण्याआधी पातं तेलाच्या फडक्याने पुसा, सुकलेला चीक पाण्याने निघत नाही. बिजागरीत खोबरेल घालू नका, ते 24 अंशांखाली गोठतं आणि पौष-माघातल्या सकाळी चाकू उघडताना जड जातो. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो, जास्त घातलं तर धूळ चिकटते. त्याच पात्याने खायचं कापणार असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा.

धार लावताना कोन प्रत्येक बाजूला 20 अंश. 2 सेमी रुंद पात्याची पाठ दगडापासून 7 मिमी उचलली की तो जमतो. 400 नंबरच्या (जाड दाण्याच्या) दगडावर एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक शीर संपूर्ण लांबीभर येईपर्यंत. मग बाजू बदला, पुढे 1000 नंबरच्या बारीक दगडावर हलक्या हाताने, शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीकडे ओढा. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर हा चाकू देऊ नका. पातळ धार क्षणात तापते, कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, आणि तेवढा निळा भाग दगडावर घासून काढल्याशिवाय तिथे पुन्हा धार टिकत नाही.