जुन्या ८०० मध्ये नवा डेक बसवायलोय, त्यावर परभणी १३०५ स्वच्छ लागली पाहिजे

गाडी मारुती ८००, १९९६ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. डॅशबोर्डात मधोमध रेडिओची खाच आहे, त्यात कॅसेटचा जुना डेक होता, तो आता पार गेला. दुकानात गेलं की पहिल्यांदा अँड्रॉइडची मोठी स्क्रीनच काढून दाखवतात. पण ती डबल डिन (डिन म्हणजे रेडिओच्या खाचेचं ठरलेलं माप), उंची १०० मिलिमीटरच्या आसपास, अन आपली खाच सिंगल डिन म्हणजे १८२ बाय ५३ मिलिमीटर. डॅश कापून बसवून देतो म्हणतात, पण एवढ्या वर्षांच्या उन्हात न तडकलेला डॅश कापायचा म्हणजे लई जिवावर येतं. अन दुसरं म्हणजे त्या स्क्रीनवाल्या बऱ्याच सेटांत नुसतं एफएम असतं, मीडियम वेव्ह म्हणजे एएम नसतंच. मला तर आकाशवाणी परभणी पाहिजे, १३०५ किलोहर्ट्झ. आमचे अण्णा गाडीत बसले की प्रादेशिक बातम्या अन शेतीचा कार्यक्रम हेच ऐकतात, मलाबी तेच आवडतं.

म्हणून सिंगल डिनचा बिना सीडीचा डेक घेतला. युएसबी, ब्लूटूथ, एफएम आणि एएम, आवाजाला गोल फिरवायचं बटण. बिना सीडीच्या सेटाची खोली कमी असते, अन ८०० मध्ये खाचेच्या मागं जागा लई कमी, तिथं वायरींचा गुच्छा कुठं कोंबायचा हाच खरा प्रश्न असतो, त्यामुळं घेताना समोरचं रूप बघण्याआधी मागची लांबी मोजा. बॉक्सवर एएम लिहिलंय का तेबी बघा, मॉडेलच्या नावावरून कळत नाही.

जुना डेक काढल्यावर पाठीमागं काळ्या टेपनं गुंडाळलेले जोड निघाले, टेपचा गोंद वितळून सगळं चिकट झालेलं. ते सगळं कापून टाकलं. गाडीच्या बाजूच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मधे किती हात फिरलेत कोणाला माहीत, मल्टीमीटर लावून एकेक शोधायची. डेकच्या बाजूचे रंग मात्र बहुतेक कंपन्यांचे सारखे असतात: पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली एसीसीवर (रेडिओ चालू होतो त्या खुणेवर) आल्यावर १२ व्होल्ट, काळी अर्थ, निळी पॉवर अँटेनाची (मोटरनं वर येणाऱ्या). पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, अन प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली ती मायनस. पिवळी अन लाल एकत्र जोडली तरी डेक चालू होतो पण मग गाडी बंद केल्यावरबी तो करंट खात राहतो, अन ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर अवरची, तिला हे परवडणारं नाही. पिवळीवर १० अँपिअरचा फ्यूज घातलाय.

इथं एक गोष्ट जुनी गाडी असलेल्या सगळ्यांनी नीट बघावी. माझ्या गाडीत मागच्या दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्र करून बॉडीला दिलेल्या होत्या. जुन्या काळच्या कितीतरी सेटांना ते चालायचं. आजच्या डेकमधल्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या प्लस अन मायनस दोन्ही टोकांवर साधारण ६ व्होल्ट उभे असतात, कोणतंच टोक अर्थ नसतं, त्यामुळं मायनस बॉडीला लागली की डेक प्रोटेक्शनला जातो म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, नाहीतर आतली ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) उडते. मी प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी नव्यानं ओढल्या, डेकपासून दाराच्या पट्टीखालून मागच्या सीटमागच्या ट्रेपर्यंत. मागची सीट काढावी लागते पण काम एकदाच होतं.

अर्थ मी जुन्या अर्थच्या वायरीला जोडलीच नाही. डॅशच्या मागच्या लोखंडी पट्टीवरचा एक बोल्ट काढला, खालचा रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासला, रिंगचा लग क्रिंप करून आवळला, वरून थोडं ग्रीस. मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, आवाज मोठा, अन मल्टीमीटरचं एक टोक डेकच्या पत्र्याला दुसरं बॅटरीच्या मायनसला. आधी ०.४ व्होल्ट दाखवायलं होतं, बॅटरीपासून बॉडीला येणारी पट्टी साफ केल्यावर ०.०५ च्या खाली आलं. हेडलाइटबी उजळ झाले, कारण रोग एकच होता, खराब अर्थ.

आता परभणी. डेक चालू केला, एएमवर गेलो, बटण फिरवलं तर १३०० नंतर थेट १३१०. ही अमेरिकेची सेटिंग, तिकडं मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या पायरीवर असतात, आपल्याकडं ९ च्या. १३०५ ला ९ नं भाग जातो, पुण्याच्या ७९२ लाबी जातो, पण १० च्या पायरीवर ही दोन्ही स्टेशनं कधीच बरोबर लागणार नाहीत, बाजूला थांबून फाटका आवाज तेवढा येईल. कितीतरी लोक इथंच "एएम बेकार आहे" म्हणून सोडून देतात. मेनूमध्ये ट्यूनरचा एरिया किंवा रीजन असतो, काही सेटांत डेक बंद करून बटण दाबून धरावं लागतं, तो युरोप किंवा एशिया करा. केला अन १३०५ वर आवाज भरून आला.

पण खरखर होतीच, म्हणून अँटेनाकडं वळलो. ८०० ची अँटेना काचेच्या बाजूच्या खांबावर, हातानं ओढायची. तपासणी सोपी आहे, मल्टीमीटर जोड लागला की वाजतो त्या खुणेवर ठेवायचा. केबलच्या पिनचं टोक ते अँटेनाची दांडी, मीटर वाजला पाहिजे. दांडी ते बॉडी, वाजला नाही पाहिजे. केबलची जाळी ते बॉडी, वाजला पाहिजे. माझ्या गाडीत तिसरं वाजत नव्हतं, बुडाशी गंज. तो घासून काढला, पण केबलबी मधे चिरलेली निघाली. मी टीव्हीची केबल लावायचा विचार करायलो होतो, तर परभणीत रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान आहे, तिथले मामा म्हणले, "ती लावू नको रे, एफएम येईल पण मीडियम मरंल." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एवढीशी दांडी मीडियम वेव्हला फार थोडी शक्ती पकडती, अन टीव्हीच्या केबलचा कपॅसिटन्स (मधली तार अन जाळी यांच्यात सिग्नल साठून राहणं) जास्त असल्यानं त्यातली बरीचशी केबलमध्येच जिरती. गाडीची खास केबल आतून जवळपास पोकळ असती, मधली तार केसासारखी बारीक, ती त्याच्यासाठीच. मामांकडं ती मिळाली.

यानंतर राहिला तो आवाज इंजिनचा. रेस दिली की चढणारी शिट्टी असेल तर ती अल्टरनेटरची, टकटक टकटक असेल तर स्पार्कची. माझी टकटक होती. प्लग काढून बघितले तर कोडमध्ये आर नव्हता, म्हणजे आत रेझिस्टर नाही. आरवाले प्लग घातले, टकटक बरीच दबली. अन सगळ्यात मोठा शत्रू निघाला लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर, तो उपसला की निम्मी खरखर गायब. एएम ऐकताना चार्जर काढायचा, दुसरा इलाज नाही.

रविवारी गंगाखेडहून परळीमार्गे अंबाजोगाईला जाऊन आलो. गंगाखेडला तर घरात बोलल्यावाणी आवाज. परळीजवळ औष्णिक केंद्राच्या हायटेन्शन तारांखालून जाताना घरघर येती, तार मागं पडली की पुन्हा स्वच्छ. अंबाजोगाईकडं घाट चढताना एफएम वळणावळणावर तुटायलं होतं, परभणी मात्र थोडी बारीक होऊन चालूच राहिली, मीडियम वेव्ह जमिनीला धरून येती त्याचा हा फायदा. येताना अंधार पडला होता तर पुणे ७९२ बी लागलं. दिवसा वरच्या हवेतला जो थर मीडियम वेव्ह गिळतो तो सूर्य मावळल्यावर विरतो, मग लांबची स्टेशनं वरून परतून येतात. अण्णांनी गाडी थांबवायला लावली अन पूर्ण बातम्या ऐकल्या.

बॉक्सवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलंय त्याकडं फार लक्ष देऊ नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २५-२६ वॅट निघू शकतात, प्रत्यक्षात २० च्या आसपास धरा. आपल्याला तेवढे पुरेत.

आता राहिलंय पुढच्या दारांचं काम. बोलणं ऐकायचं तर स्पीकर पुढंच पाहिजेत, मागच्या ट्रेवरून आलेला आवाज डोक्यामागून येतो अन एप्रिल-मेच्या उन्हात ट्रेवरचे कागदी कोन वाळून फाटतात तेबी आहेच. ४ इंची घ्यायचे ठरवलेत. काच पूर्ण खाली घेऊन आतल्या पत्र्यापर्यंतची खोली मोजून ठेवलीय, दारात वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट घालायचाय. कोणी ८०० च्या दारात ४ इंची बसवले असतील तर मॅग्नेटची खोली किती चालली ते सांगा, म्हणजे त्या हिशोबानं घेतो.