पहाटेचं पाणी आणि स्लीप पॅरालिसिस: ल्युसिड ड्रीमचा माझा अनुभव

ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळणं. त्याचा प्रयत्न सुरू केला तेव्हा पहिले सहा आठवडे माझी वेळही चुकत होती आणि अपेक्षाही. रात्री अकराला गादीवर पाठ टेकायची, अंग सैल सोडायचं आणि शरीर 'लॉक' होईपर्यंत हलायचं नाही, म्हणजे स्लीप पॅरालिसिस (मन जागं, पण अंग हलत नाही) येईल आणि त्यातून जागेपणीच स्वप्नात शिरता येईल, अशी माझी समजूत होती. पाऊण तास तसा पडलो की हात जड व्हायचे, तळवे नेमके कुठे आहेत ते कळेनासं व्हायचं. पुढे काहीच नाही. मान अवघडली की कूस बदलायचो आणि पाच मिनिटांत ठार झोपायचो.

हातांचं ते जडपण म्हणजे पॅरालिसिस नव्हे, हे समजायला मला फार वेळ लागला. अंग बराच वेळ हललं नाही की त्वचेकडून, सांध्यांकडून मेंदूला नवीन काही कळत नाही, म्हणून हात नाहीसा झाल्यासारखा वाटतो. नस दबली तर मुंग्या येतात. दोन्ही गोष्टी पूर्ण जागेपणी होतात. खरा पॅरालिसिस हा रेम झोपेचा भाग आहे. शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये या झोपेची नोंद केली, हीच ठळक स्वप्नांची झोप. त्या वेळी स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी मेंदूच्या बुंध्याकडून दाबून ठेवल्या जातात, म्हणून स्वप्नात धावताना आपण गादीवर पाय झाडत नाही. मन जागं आणि हा दाब चालू, असं झालं की त्याला आपण स्लीप पॅरालिसिस म्हणतो.

आता अकराची वेळ का फसते ते बघा. रात्री आधी हलकी झोप लागते, मग गाढ झोप, आणि पहिला रेमचा टप्पा साधारण दीड तासाने येतो, तोही काही मिनिटांचाच. पहाटेकडे हे टप्पे लांबत जातात. म्हणजे मी ज्या दारासमोर उभा होतो ते दीड तास उघडणारच नव्हतं. माझी चिकाटी कमी नव्हती.

म्हणून साडेचार ते सहा तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि परत झोपायचं. लालबागच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे पाचला येतं. आधी मला ती अडचण वाटायची, मग तोच माझा गजर झाला. साडेअकराला झोप, पाचला जाग, साडेपाच तास पूर्ण. पण सुरुवातीला पिंप भरून, दोन हंडे उचलून मी थेट गादीवर पडायचो आणि टक्क जागा राहायचो. छाती धडधडत असायची, पाय गार, ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत. आता नळाला पाइप लावून बादल्यांऐवजी थेट पिंपात पाणी सोडतो, मोठा दिवा लावत नाही, पाय कोरडे करतो आणि दहा मिनिटं खुर्चीवर नुसता बसतो. मोबाइलला हात लावायचा नाही. एकूण जागरण 20 ते 30 मिनिटं. दहा मिनिटांत परत पडलो तर मन लगेच बुडतं, 50 मिनिटांपुढे गेलं की मला तरी झोपच येत नाही. संध्याकाळी पाचनंतरचा चहा-कॉफी बंद केली. कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो, आणि उताणं पडून झोपेची वाट पाहताना तो फार जाणवतो.

उताणं झोपल्याने पॅरालिसिसची शक्यता वाढते हे खरं. पण ज्याला आयुष्यभर कुशीवर झोपायची सवय आहे त्याला उताणं झोपच लागत नाही, आणि झोपच नाही तर रेम कुठून येणार? मी पाठीवर सुरुवात करतो, उशी पातळ, हात अंगापासून वीतभर दूर. पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर काही हललं नाही तर उजव्या कुशीवर वळतो. मला निम्म्याहून जास्त वेळा कुशीवरच यश आलं आहे. मोठ्याने घोरणाऱ्यांनी, श्वास अडकून जागं होणाऱ्यांनी मात्र पाठीवर झोपायचा हट्ट धरू नये.

लाळ गिळावी लागली की सगळं परत शून्यापासून, असं बरेच जण मानतात. तसं काही नसतं. तोंड किंचित बाजूला कललेलं ठेवलं की लाळ घशात साचत नाही. साचलीच तर गिळा. खाज सुटली तर एकदा खाजवा. 'शरीर आपली परीक्षा घेतंय' हेही खरं नाही. काही करायला नसलं की लक्ष खाजेवर जातं, एवढंच. मोडतं ते त्यानंतरच्या विचाराने: 'आता किती झालं? आलं का?' हा हिशोब चालू असेपर्यंत मेंदू झोपत नाही. बोट हलतंय का ते तपासणं तर सगळ्यात वाईट, कारण तो हलवायचा प्रयत्नच जागं करतो.

त्यामुळे मनाला एक हलकं काम द्यायचं. मी मोजतो: 'एक, हे स्वप्न आहे, दोन, हे स्वप्न आहे.' आकडा चुकला की परत एकपासून, रागावायचं नाही. आकडे चुकू लागणं ही चांगली खूण आहे, झोप जवळ आली. मग पापण्यांमागे ठिपके, जाळ्या, कुणाचा तरी अर्धवट चेहरा. मधेच अंग दचकतं, तो पॅरालिसिस नाही, झोप लागतानाचा साधा झटका आहे. त्या चित्रांकडे टक लावून पाहिलं की ती विरतात. डोळ्यांच्या कडेने पाहावं तसं पाहायचं.

आमचा छताचा पंखा प्रत्येक फेऱ्याला कट् करतो. एके दिवशी सहाच्या सुमाराला तो कट् लांबत गेला, मग आवाज छतावरून माझ्या कवटीत आला आणि पुलावरून लोकल जावी तसा धडधडू लागला. अंगभर कंप. हात जागेवर आहेत हे कळत होतं, पण हलत नव्हते. खोलीत कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मी खोल श्वास घ्यायला गेलो आणि घाबरलो, कारण श्वास माझ्या मर्जीने येईना.

हे आधीच माहीत असलं पाहिजे. या अवस्थेत श्वासपटल आपलं काम करत असतं, पण बरगड्यांचे स्नायू सैल असतात. म्हणून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही. श्वासाच्या मागे लागू नका, तो चालूच आहे. डोळ्यांचे स्नायूही मोकळे असतात. त्याच्याच आधारे 1975 मध्ये इंग्लंडमध्ये संशोधक कीथ हर्न यांनी ल्युसिड स्वप्न पाहणाऱ्या ॲलन वर्स्ली यांच्या डोळ्यांच्या ठरलेल्या हालचाली स्वप्न चालू असताना नोंदवल्या. बाहेर पडायचं असेल तर पायाचा अंगठा किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, ही अवस्था बहुधा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आपोआप सुटते. स्वप्नात जायचं असेल तर खरं अंग हलवायचं नाही, कल्पनेतले हात एकमेकांवर चोळायचे. मला तळव्यांची ऊब जाणवली, मग बाजूला लोळलो आणि आमच्याच गॅलरीत उभा होतो. खात्रीसाठी नाक चिमटीत धरलं. श्वास येत होता, म्हणजे स्वप्नच.

पॅरालिसिसची वाट पाहणं मी त्यानंतर सोडलं. बहुतेक वेळा तो जाणवतच नाही, मोजता मोजता थेट स्वप्न सुरू होतं. स्नायू तेव्हाही बंदच असतात, आपलं लक्ष तिकडे नसतं. कंप आलाच नाही म्हणून जे उठून बसतात ते पाच मिनिटं आधी सोडतात.

आठवड्यातून दोनदाच करतो, त्यातला एक रविवार, म्हणजे नंतर आठपर्यंत झोपता येतं. झोप तोडून रोज केलं तर न मागता पॅरालिसिस यायला लागतो, कारण अपुरी आणि अवेळी झोप हे त्याचं मोठं कारण आहे. काहीही न करता तो वारंवार येत असेल, दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील, तर हा प्रयोग बाजूला ठेवून झोपेच्या डॉक्टरांकडे जा. भास होण्याचा आजार असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.