बोट कोणासाठी रवणा नाय

माझा नवरा कुठल्याही प्रवासाआधी एक्सेल शीट उघडतो. सिंगापूर–पेनांग–फुकेत अशा चार रात्रींच्या क्रूझसाठी त्याने उघडलेल्या शीटला अकरा टॅब होते. गोष्ट डिसेंबर २०२३ ची. मलेशियाने १ डिसेंबरपासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता, थायलंडने त्याच्या थोडं आधी, आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत निम्मी माणसं तिकिटं काढायच्या मागे होती. आम्ही चौघं निघालो: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी बहात्तर वर्षांची आई.

आई मूळची देवगडची. तिच्या लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे बोटीने. खाली भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात बोट बंद, मग नारळीपौर्णिमेनंतर कधी सुरू होते त्याकडे डोळे. त्यामुळे क्रूझचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. "बोट म्हणजे बोट. मोठी असेल," एवढंच म्हणाली.

पहिलं भांडण झालं ते विमानाच्या तिकिटावरून. बोट संध्याकाळी पाचला सुटणार होती. मुंबईहून रात्रीचं विमान धरलं की सकाळी साडेसातला सिंगापूर, म्हणजे साडेनऊ तास हातात आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं, असा नवऱ्याचा हिशेब. शीटमध्ये तो हिरव्या रंगात रंगवलेला होता. आईने तिच्या मामाची गोष्ट काढली. देवगडला बोट लांब समुद्रात उभी राहायची, माणसांना पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. मामा पानतंबाखू घ्यायला म्हणून मागे राहिला, पडाव सुटला, बोटीचा भोंगा वाजला आणि मामा गाठोडं सांभाळत रात्रभर किनाऱ्यावर. त्याची ट्रंक मात्र मुंबईला पोचली. "बोट कोणासाठी रवणा नाय," आई म्हणाली, म्हणजे थांबत नाही. तिचं मालवणी असं मोक्याच्या जागीच बाहेर येतं. जावई गप्प झाला.

आम्ही आदल्या दिवशी गेलो. आणि खरंच, आमचं विमान साडेचार तास उशिरा सुटलं. दुसऱ्या दिवशीचं असतं तर तो उशीर सोसून दुपारी कसेबसे पोचलो असतो, पण टर्मिनलवरची चेक-इनची खिडकी साडेतीनला बंद होणार होती आणि बॅगा पट्ट्यावर कधी येतील ते कुणाच्या हातात नसतं. सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीत हॉटेल घेतलं होतं, लिटल इंडियात. रात्री इडली-डोसा खाल्ला, आईने रस्त्यावरचे मोगऱ्याचे गजरे बघून "हे कसलं परदेश" म्हटलं, आणि झोपलो. त्या एका रात्रीचे पैसे सबंध सहलीत सगळ्यात चांगले लागले असं माझं मत आहे. नवऱ्याचं अजून नाही.

सकाळी टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुठलं टर्मिनल?" आमच्याकडे उत्तर होतं, पण सगळ्यांकडे नसतं. सिंगापुरात क्रूझची दोन ठिकाणं आहेत. जुनं हार्बरफ्रंटला, आणि २०१२ साली उघडलेलं मरीना बे क्रूझ सेंटर. दोन कशाला, याचं कारण मला फार आवडलं. हार्बरफ्रंटहून सेंटोसा बेटाकडे केबल कार जाते. तिच्या खालून जायचं तर जहाजाची उंची पाण्यापासून ५२ मीटरच्या आत हवी. नवी जहाजं त्याहून उंच झाली, मग शहराने समुद्रात भर टाकून केलेल्या मरीना साउथच्या जमिनीवर नवा धक्का बांधला. वर काही आडवं येत नाही. आमची बोट 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' ३४७ मीटर लांब आणि सोळा मजली. ती केबल कारखालून जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा टॅक्सीत बसताना नुसतं "क्रूझ टर्मिनल" म्हणू नका.

आम्हाला दिलेली वेळ एक ते दीडची होती. ही वेळ क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपवर आपणच निवडायची असते आणि लवकरच्या वेळा आधी संपतात. लेकीला सकाळी दहालाच जायचं होतं. तिला समजावताना मलाच त्या दिवसाचं गणित नीट कळलं. आपल्यासाठी तो पहिला दिवस, बोटीसाठी मात्र मधला दिवस. बोट त्याच सकाळी आधीची सहल संपवून आलेली असते. हजारो माणसं खाली उतरतात, त्यांच्या बॅगा उतरतात, दोन हजारांच्या आसपास खोल्यांच्या चादरी बदलतात, धान्य-भाजी-दूध चढतं, आणि दुपारी पुन्हा तेवढीच माणसं वर येतात. लग्नाच्या हॉलवर सकाळचं लग्न उरकून संध्याकाळचं रिसेप्शन लावतात ना, तसं. एक पंगत उठेस्तोवर दुसरीने दारात ताटकळण्यात अर्थ नाही. त्यामुळेच आत गेल्यावरही खोली लगेच मिळत नाही. आमची दोनच्या सुमाराला मिळाली.

आणि म्हणूनच हातातली पिशवी.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या ताब्यात द्यायच्या. त्यांना घरून छापून आणलेल्या कागदी पट्ट्या स्टेपल करून लावायच्या, त्यावर खोलीचा नंबर. (स्टेपलर घरीच राहिला, हॉटेलच्या काउंटरवरून मागून आणला. एवढ्या अकरा टॅबमध्ये स्टेपलर नव्हता.) एकदा बॅग दिली की ती एक्स-रेतून जाते, पिंजऱ्यासारख्या गाड्यांवर चढते आणि संध्याकाळी कधीतरी खोलीच्या दाराशी येते. कधी, ते कुणी सांगत नाही. म्हणजे दुपारी एकपासून साधारण सात-आठपर्यंत जे लागेल ते हातात हवं. पासपोर्ट हातात हवा हे वेगळं सांगायला नको असं वाटत असेल, तर आमच्या शेजारी एक गृहस्थ हमालाच्या गाडीवरून आपली बॅग शोधत होते ते दृश्य तुम्ही पाहिलेलं नाही.

आईच्या कापडी पिशवीत काय होतं? औषधांचा डबा, एक साडी, टॉवेल, चष्मा, दात घासायचं सामान, आवळासुपारी आणि बोट लागली तर लागणारी गोळी. तिला कुणी यादी दिली नव्हती. माझ्या छान लेदरच्या बॅगेत होती पॉवर बँक, दोन लिपस्टिक आणि एक पुस्तक. लेकीचा पोहण्याचा ड्रेस मोठ्या बॅगेत. बोटीवर चढल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पूल बघून ती माझ्याकडे वळली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. पूल त्या वेळी जवळजवळ रिकामा असतो. सबंध सहलीत पुन्हा कधीच नव्हता. ती काठावर पाय सोडून बसली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलली.

खाऊबद्दल एक. घरी केलेलं खाणं बोटीवर नेता येत नाही, सीलबंद पाकिटं चालतात. आईचे मेथीचे लाडू आम्ही हॉटेलात सकाळी संपवले, चौघांत चौदा. त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

टर्मिनलच्या आतलं काम अपेक्षेपेक्षा भरभर झालं, कारण फोटो आणि कार्डाचे नंबर घरूनच भरले होते. विमानतळासारखीच तपासणी, मग पासपोर्ट. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: बोटीवर चढता तेव्हा तुम्ही सिंगापूर सोडता, आणि चार दिवसांनी उतरता तेव्हा पुन्हा सिंगापुरात येता. म्हणजे व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा, आणि तिथलं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात येण्याची ऑनलाइन नोंद, दुसऱ्यांदा भरायचं, पोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत. ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. परतीचं कार्ड भरायला नेट लागतं आणि समुद्रात मोबाइलचं नेट म्हणजे उपग्रहावरचं महागडं प्रकरण, तेव्हा फोन आधीच फ्लाइट मोडवर टाका आणि कार्डाचं काम फुकेतला जमिनीवर उरका.

वर पोचल्यावर सगळं गाव बुफेकडे धावतं. आम्हीही धावलो. ट्रे हातात धरून टेबल शोधत फिरणाऱ्या शंभरेक माणसांत आईला उभं ठेवणं मला बरं वाटेना. एका फिलिपिनो वेटरने हळूच सांगितलं, खाली मुख्य डायनिंग रूम आज दुपारी उघडी आहे. तिथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढायला माणूस आणि निम्मी टेबलं मोकळी. ती दर बोटीवर उघडी असेलच असं नाही, पण चढल्या चढल्या विचारायचं ते हेच.

मग ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव. पूर्वी सगळ्यांना एकाच वेळी लाइफ जॅकेट घालून डेकवर रांगेत उभं करायचे. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, भोंगा ऐकायचा (सात आखूड, एक लांब) आणि आपल्या खोलीच्या कार्डावर छापलेल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची. नवरा म्हणाला, सुटायच्या आधी करू, घाई काय. बरेच जण तेच करतात आणि चार वाजता जिन्यांवर गर्दी होते. आईला मात्र आधी तिथे जायचं होतं. तिच्या आईच्या पिढीने रामदास बोट ऐकली होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या घरांत ते नाव अजून आवाज खाली करून घेतात. मी आईला कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाची गोष्ट सांगितली. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ती खडकावर गेली, ३२ माणसं दगावली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, कारण तेव्हा नियम चोवीस तासांच्या आत करा असा होता. नंतर नियम बदलला: २०१५ पासून, बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. आई म्हणाली, "माणसं मेल्याशिवाय नियम होत नाहीत." आम्ही अडीच वाजता हजेरी लावून मोकळे झालो. तिने जीवरक्षक होडीपर्यंतचा रस्ता मला दोनदा चालायला लावला, एकदा जिन्याने.

पाचला बोट सुटली. सुटली हे कळलंच नाही, मरीना बे सँड्सचे तीन मनोरे आपल्याआपण सरकायला लागले तेव्हा कळलं. वरच्या डेकवर गाणी, नाच, रंगीत सरबतं. आई कठड्याशी होती. खाली सामुद्रधुनीत नांगर टाकून उभी असलेली जहाजं, किती ते मोजता येईना: तेलाची, कंटेनरची, गाड्या वाहणारी डबडी. मलाक्काच्या बाजूला वळल्यावर एक छोटी बोट आमच्या अंगाला भिडून धावायला लागली. आईने मला ओढलं. "बघ, आता उतरेल." बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, आमच्या बोटीच्या पोटातल्या दारातून दोरशिडीवर आला, खालची होडी वरखाली होत होती तिचा अंदाज घेतला आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकलं. आईने श्वास सोडला. पडावातून बोटीत चढताना खलाशी असंच ओरडायचे, म्हणाली, लाट वर आली की पाय टाक. "फुकेतला तू असंच उतरणार आहेस," मी सांगितलं. तिथे बोट लांब थांबते आणि लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. तिला इतकी मजा वाटली की तिने लेकीला हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं.

साडेसातपर्यंत तीन बॅगा दाराशी आल्या. चौथी, नवऱ्याची, येईना. आठला आली नाही, साडेआठला आली नाही. शेवटी खाली चौकशी केली तर एका खोलीत पाठवलं. तिथे आमच्यासारखी पंधरा-वीस माणसं ओशाळ्या चेहऱ्याने उभी होती आणि भिंतीला लागून अडवलेल्या बॅगा. रक्षकाने अदबीने बॅग उघडायला सांगितली. वरतीच होती: प्रवासी इस्त्री. गरम होणारं काही खोलीत चालत नाही, किटली नाही, इस्त्री नाही. आगीची भीती. ती ठेवून घेतली, पावती दिली, पाचव्या दिवशी उतरताना मिळेल.

वर येऊन नवऱ्याने लॅपटॉप उघडला. टॅब तीन, 'सामान', ओळ सतरा: इस्त्री, आणि पुढे बरोबरची खूण.

"अहो, गादीखाली घाला पँट," आई म्हणाली, "सकाळी कडक होते."

त्या रात्री फॉर्मल डिनरची काळी पँट आमच्या गादीखाली होती.